जिंतूरच्या वाटेवरची मोसंबीची बाग

पावसाची चौकशी करायला मी परभणी जिल्ह्यात गेले ती ऐन माघात, आभाळात कापसाच्या बोंडाएवढाही ढग नसताना. पुण्याच्या ज्या संस्थेत मी अर्थशास्त्राचं काम करत होते, तिथे हा प्रश्न नवा होता. जगाचं हवामान बदलू लागलंय असं परदेशातले लोक तेव्हा नुकतं बोलायला लागले होते. आमच्या प्रमुखांचं म्हणणं असं, की शास्त्रज्ञ त्यांचं बघून घेतील. ज्यांचं पोट पावसावर आहे त्यांना काय वाटतं आणि पाऊस फिरला की ती माणसं काय काय ठरवतात, ते आपण जाऊन ऐकावं.

मी मूळची राजापूरकडची. आमच्याकडे पावसाबद्दल कुणी कुणाला काही विचारत नाही. तो येतो, घर ओलं करतो, कपडे वाळू देत नाही आणि दसऱ्याच्या सुमारास कंटाळून निघून जातो. त्याच्यावर संशोधन करायचं म्हटल्यावर माझी आई हसली होती.

परभणी स्टेशनवर सकाळी धुकं होतं. आमच्या डोंगरातल्या धुक्यासारखं ते चढत-उतरत नव्हतं. सपाट मुलखावर कुणी मलमल अंथरावी तसं पडून होतं. त्यातून अंगाला शाल गुंडाळलेली एक मुलगी समोर आली. ही प्रज्ञा वाघमारे. परभणीच्या एका प्राथमिक शिक्षकाची मुलगी, समाजशास्त्रात एम.ए. झालेली. महिनाभर ती माझ्याबरोबर हिंडणार होती. चहाच्या टपरीवर तिने पहिल्याच घोटाला मला सांगून टाकलं.

"मॅडम, गावात आधी तुमचं आडनाव विचारतील, मग माझं. माझं ऐकल्यावर जरा थांबतील. मग बोलतील. तुमी मधी काही बोलू नका."

विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न पेटून काही वर्षं झाली होती आणि तो सुटलेला नव्हता. दंगलीत तिच्या मामाचं घर जळालं होतं, हे तिने मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं. त्या सकाळी ती फक्त म्हणाली, "बशी घ्या की, पोळंल."

पाथरी

आधी आम्ही पाथरीकडे गेलो, कारण तिथे कालवा आला होता. यष्टीच्या खिडकीतून दोन्ही बाजूंना करडई फुललेली दिसत होती, पिवळी आणि मधूनच केशरी. उन्हात ती अशी काही हलायची की डोळे आपोआप मिटायचे. मी झोपेत होते की जागी, हे मला त्या रस्त्यावर नीटसं कळलंच नाही.

कालव्याच्या काठावर मात्र मी खडबडून जागी झाले. आमच्याकडचं पाणी बोलतं. ओढा असो, पऱ्ह्या असो, आधी आवाज येतो आणि मग पाणी दिसतं. हे पाणी गप्प होतं. दगडी काठांमधून काहीही न बोलता ते चाललं होतं, झोपेत चालणाऱ्या माणसासारखं. त्याच्या एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला कोरडी काळी जमीन. मधे फक्त एक बांध.

उसाला पाणी देणाऱ्या एका शेतकऱ्याला आम्ही आमचा नेहमीचा प्रश्न विचारला, की पाऊस बदललाय का.

"पाऊस?" तो हसला. "पावसाचं आता कोन इचारतंय बाई? कालव्याला पानी कवा सोडतेत ते इचारा."

त्याच्या घरी आम्ही जेवलो. ज्वारीची भाकरी, करडईच्या कोवळ्या पानांची भाजी आणि वर कच्चं तेल. भाकरी मोडताना आवाज येत नव्हता इतकी ती मऊ होती. आमच्याकडची तांदळाची भाकरी पांढरी, नाजूक, पाहुण्यासमोर मिरवणारी. ही करडी भाकरी एकदा खाल्ली की दुपारपर्यंत दुसरं काही आठवत नाही.

"आता कोरड्या बाजूला जाऊ," प्रज्ञा म्हणाली. "तिकडं लोक अजून पावसाचंच बोलतेत."

चारठाणा

चारठाण्याला उतरलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. गावात जुनी देवळं आहेत, काही पूजेतली, काही नुसतीच उभी. शेतांच्या कडेला कोरीव दगड पडलेले. एका देवळाच्या पायरीवर एक शेळी डोळे मिटून रवंथ करत होती आणि तिच्या मागे दगडात कोरलेल्या बायका नाचत होत्या. मी कितीतरी वेळ बसून राहिले. ज्यांनी हे कोरलं त्यांच्या पोटाला कुणीतरी धान्य दिलं असेल, त्या धान्याला पाऊस लागला असेल. कुठला पाऊस? आताचाच का? असे बिनकामाचे विचार त्या दगडांपाशी सुचतात.

पुढचं गाव तीन-चार मैलांवर, तिकडे जाणारी एक जीप मिळाली. जीपवाला अर्ध्या वाटेत थांबला, खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "खलास." आम्ही चालू लागलो. तिथली काळी जमीन थंडीतच तडकायला लागली होती, भेगांत हात जाईल इतकी. पाण्याची बाटली काढायला वाकले तर पिशवीच्या खिशातलं माझं फाउंटन पेन निसटलं आणि एका भेगेत गेलं. आम्ही दोघी पालथ्या पडून आत बघत राहिलो. आतून गार, मातकट वास येत होता, पेन काही दिसलं नाही. प्रज्ञा इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

आणि मग, हसणं थांबल्यावर, आम्हाला दुसरा वास आला. गोड, हलका, जवळून गेलेल्या एखाद्या बाईच्या केसांतल्या फुलांसारखा. त्या उघड्याबोडक्या रानात तो कुठून येतोय ते कळेना. वासामागे चालत आम्ही गावाशी पोचलो. मोसंबीची बाग फुलली होती.

अण्णांच्या घरी

त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. माणसं आहेत, त्यांना उगाच कशाला.

बाग भगवानरावांची होती. सगळं गाव त्यांना अण्णा म्हणायचं. पन्नाशीतला उंच माणूस, गावातल्या मोठ्या शेतकऱ्यांपैकी. त्यांनी आमची आडनावं विचारली, प्रज्ञाचं ऐकून क्षणभर थांबले आणि मग आत वळून बायकोला म्हणाले, "दोघीबी हितंच राहतेल. माडीवर जागा करा." त्यांच्या बायकोला आम्ही वैनी म्हणू लागलो. रात्री प्रज्ञाला त्यांनी स्वयंपाकघरात चुलीशेजारी माझ्याच ओळीत पाट मांडला. त्या दिवसांत हे सरसकट घडत नसे. प्रज्ञाच्याही ते ध्यानात आलं होतं. ती नेहमीपेक्षा एक भाकरी जास्त जेवली.

सकाळी अण्णांनी बाग दाखवली. मोसंबीच्या झाडाला आधी पाणी तोडून ताण देतात, मग एकदम पाणी देतात. झाड घाबरून फुलतं, असं ते म्हणाले. त्यांनी ताण दिला, मग विहिरीतलं होतं तेवढं पाणी दिलं. झाडं फुलली आणि विहीर आटली.

"आता ह्या फुलाला पानी न्हाई भेटलं तर फूल गळतंय. मग झाडबी जातंय. लेकरावानी वाढवलेत बाई. आमच्या बाजूला फळबाग लावनारा मी पैला."

फुलं इतकी होती की खाली पांढरा सडा पडला होता. मधमाश्यांचा आवाज सारखा येत होता. एवढ्या सुगंधात उभं राहून हे सगळं मरणार आहे हे खरं वाटत नव्हतं. अण्णा मात्र फुलांकडे बघतच नव्हते. ते मातीकडे बघत होते.

गावातल्या विहिरीही आटल्या होत्या. पाणी उरलं होतं ते एकाच ठिकाणी, अण्णांच्या शेताला लागून असलेल्या सरकारी विहिरीला. तिच्यावर दोन रहाट होते. पूर्वेचा गावाचा, पश्चिमेचा बौद्ध वस्तीचा. खाली पाणी एकच, वर बायका दोन ओळींत.

तिथेच मला काशीबाई भेटली. वस्तीतली, चाळिशीच्या आसपासची, दुसऱ्यांच्या रानात मजुरीला जाणारी. कामापुरतं बोलायची, पण बोलली की विहिरीच्या दोन्ही बाजूंच्या बायका कान द्यायच्या. पाऊस बदललाय का, असं मी विचारलं तेव्हा तिने दोर न थांबवता उत्तर दिलं.

"पाऊस पैले पाव्हन्यावानी यायचा, चार दिस ऱ्हायचा. आता जावयावानी येतंय. आल्या आल्या जायची घाई."

पूर्वेच्या रहाटावरच्या बायकाही हसल्या. आम्ही तिथे रोज जाऊ लागलो. पुण्यात बसून केलेले माझे प्रश्न एकेक करून बाजूला पडले. आता आम्ही एवढंच विचारायचो, की पाणी कमी झालं तेव्हा तुम्ही काय सोडलंत. कुणी म्हैस सोडली होती, कुणी भात, कुणी माहेरी जाणं. एकीने सांगितलं, "मी दारात तुळस लावायची सोडली," आणि घागर उचलून चालू लागली.

गाडी आली तो दिवस

एके सकाळी अंगण झाडता झाडता वैनी थांबल्या. दूर कुठेतरी घरघर ऐकू येत होती. धुक्यातून आधी एक उंच लोखंडी शिडी दिसली, मग ट्रक. बोअरची गाडी. दक्षिणेकडची होती, कामगार आपसात तमिळ बोलत होते. अण्णांनी बोलावली होती.

जागाही अण्णांनी ठरवलेली, त्यांच्याच शेतात, पण सरकारी विहिरीपासून हाकेच्या अंतरावर. पाणी दाखवणाऱ्याने तिथेच तळहातावरचा नारळ उभा राहिला म्हणून सांगितलं होतं. गाडी तिथे जाऊन उभी राहिली आणि विहिरीवरच्या बायकांचे हात थांबले.

सगळ्यात आधी काशीबाईने दोर सोडला. बांध ओलांडून ती शेतात आली आणि गाडीपुढे मातीत बसली. मग वस्तीच्या तीन-चार बायका आल्या. मग, मला ते अजून दिसतं, पूर्वेच्या ओळीतल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या आणि त्यांतली एक तरुण सून डोक्यावरचा पदर पुढे ओढून त्यांच्याशेजारी येऊन बसली. तिच्यामागून बाकीच्या. घागरी रिकाम्याच, मांडीवर.

माझ्या कानाशी प्रज्ञा पुटपुटली, "मॅडम, हे वाढणार." वस्तीतली बाई, गावच्या मोठ्या शेतकऱ्याच्या रानात, त्याच्या कामापुढे बसलेली. त्या वर्षांत यावरून काय काय होऊ शकतं ते मी वर्तमानपत्रात वाचलं होतं, तिने डोळ्यांनी बघितलं होतं. तरी तिने चपला काढल्या आणि जाऊन काशीबाईच्या शेजारी बसली.

अण्णा आले. मागोमाग गावातले पाच-सहा बाप्ये. त्यांच्यातला एक ओरडला, "उठा इथून! कोनाचं रान हाय हे?"

अण्णांनी त्याला हाताने थांबवलं. काशीबाईला म्हणाले, "काशे, माझंच रान हाय न्हवं?"

"तुमचंच हाय अण्णा. मी कुटं न्हाई म्हनायले?"

"मग?"

"रान तुमचं. पर खालचं पानी कुनाचं हाय ते सांगा. तुमी हितं नळी घातली की ही हीर जाती. मग आमी सगळ्याजनी कुटं जावं?"

"तुला काय ठाव, जाती का न्हाई?"

"न्हाई ठाव. तुमालाबी न्हाई. म्हनून तर बसले."

अण्णा माझ्याकडे वळले. त्यांच्या घरची भाकरी खाऊन मी त्यांच्याच बाजूला उभी होते. "बाई, तुमी शिकलेल्या. तुमी सांगा. खाली पानी एक हाय का येगळं?"

मला ते माहीत नव्हतं आणि मी तसं सांगितलं. जमिनीखालचं शास्त्र माझं नव्हे. गाडीचा माणूस गाडी बंद करून विडी ओढत बसला होता. वाऱ्याची झुळूक आली की बागेतला वास सगळ्यांवरून जायचा, रागावलेल्यांवरून, घाबरलेल्यांवरून, आणि पुन्हा शांत व्हायचा. मला वाटलं, आता कुणीतरी हात उगारेल आणि हे सगळं फुटेल. मी सारखी एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत होते. अण्णांनी ते पाहिलं असावं.

"बसा बाई तुमीबी," ते म्हणाले. "उभ्यानं पाय दुखतेत."

मी खाली बसले. बायकांच्या ओळीच्या टोकाला.

अण्णांनी आमच्या ओळीकडे एकदा पाहिलं. मग बागेकडे गेले. दोन झाडांच्या मधून आत गेले आणि दिसेनासे झाले. परत आले तेव्हा त्यांच्या खांद्यांवर फुलं पडली होती आणि त्यांना ते ठाऊक नव्हतं. गाडीवाल्याला त्यांनी लांब बोट करून शेताचं पार दुसरं टोक दाखवलं, नाल्याकडचं.

"तिकडं घे."

"सर, पानी इधर है," गाडीवाला म्हणाला.

"तिकडं घे म्हनलं न्हवं?"

मागच्या बाप्यांत कुजबुज झाली. "बायाला भ्याले अण्णा," असं एक जण हळूच म्हणाला. अण्णांनी ऐकलं की नाही कुणास ठाऊक.

नाल्याच्या टोकाला दुपारभर यंत्र चालत होतं. सगळं गाव जमलं. मघाशी गाडी अडवणाऱ्या बायकाही आल्या होत्या आणि आता त्याच सगळ्यांत पुढे उभ्या होत्या. नळीतून राखाडी भुकटी उडत होती. ती सगळ्यांच्या केसांवर, भुवयांवर बसली. आम्ही सगळेच एकाएकी म्हातारे दिसायला लागलो. "येईल, आता येईल," काशीबाई पुटपुटत होती. कामगार नळीला नळी जोडत गेले. भुकटी राखाडी होती, मग पांढरी झाली. ओलं काहीच आलं नाही. ऊन उतरलं तेव्हा गाडीवाल्याने यंत्र थांबवलं आणि एवढी शांतता झाली की बागेतल्या मधमाश्या तिथवर ऐकू आल्या.

अण्णा भुकटीच्या ढिगाशेजारी खाली बसले. गावातले बाप्ये हळूहळू पांगले. वैनी पुढे येऊन उभ्या होत्या. काशीबाई गेली आणि थोड्या अंतरावर उकिडवी बसली.

"चला अण्णा," ती म्हणाली. "वैनी थांबल्यात."

ते उठले.

निघताना

फुलं चार-सहा दिवसांत गळाली. आम्ही निघालो त्या सकाळी अण्णा स्वतः कुऱ्हाड घेऊन बागेत होते. मजूर लावले नव्हते. सगळ्या बायकांना त्यांनी सरपण न्यायला सांगितलं होतं आणि दोन्ही रहाटांवरच्या बायका मोळ्या बांधत होत्या. काही फांद्यांना अजून चुकार फुलं होती. बांधावरून जाताना आम्ही हात केला, त्यांनी कुऱ्हाड जरा वर उचलली.

जिंतूरला यष्टीची वाट बघत प्रज्ञा बसली होती. मग एकदम म्हणाली, "मला वाटलं होतं आता घरं जळतेत." मी तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला नाही.

अहवालात मी लिहिलं, की एका गावात सामूहिक दबावामुळे पाण्याचा एक खाजगी उपसा टळला. वाक्य चुकीचं नव्हतं. आमच्या प्रमुखांनाही ते आवडलं.

पुन्हा

चौकशीची दुसरी फेरी पुढच्या थंडीत होती. आम्ही दोघी पुन्हा त्या वाटेने गेलो. या वेळी वास नव्हता. बागेच्या जागी हरभरा उभा होता, घाट्यांनी लगडलेला, हिरवागार. सरकारी विहीर सगळा उन्हाळा पुरली होती. काशीबाईने सांगितलं, की वैशाखात तळाला खडक दिसायला लागला होता, पण सकाळी उठून बघावं तर पुन्हा घागर बुडेल एवढं साचलेलं असायचं. रहाट अजून दोनच होते.

"अन अण्णा कसे आहेत?" प्रज्ञाने विचारलं.

"बोलतेत कमी. पर रानात असतेत."

ते हरभऱ्यातच भेटले. आम्हाला बघून त्यांना खरोखर आनंद झाला. ओल्या हरभऱ्याचे डहाळे उपटून त्यांनी आमच्या ओंजळीत दिले आणि आम्ही तिघे बांधावर बसून घाटे सोलत खाऊ लागलो. उन्हात अंग सैल झालं होतं. कुठेतरी टिटवी ओरडत होती. वर्षभर जो प्रश्न माझ्या मनात होता, तो विचारायला ती वेळ बरी वाटली.

"अण्णा, त्या दिवशी गाडी आधीच्या जागी चालवली असती, विहिरीजवळ, तर पाणी लागलं असतं का हो? काय वाटतं तुम्हाला?"

त्यांनी एक घाटा फोडला, दाणा तोंडात टाकला.

"लागलं असतं की," ते म्हणाले. "खालचं पानी एकच. मला पैल्यापासून ठाव होतं. म्हनून तर सरकलो."